मार्सीवर फेब्रुवारीत एकट्याने जायचे तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, कॉलेजात असताना सह्याद्रीत भरपूर भटकलात, न्यूयॉर्क राज्यातला माउंट मार्सी उन्हाळ्यात आणि पानगळीत अनेकदा केलाय, वाट पायाखालची आहे. आता फेब्रुवारीत व्हॅन होव्हनबर्ग वाटेने स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून एकट्याने माथा गाठायचाय. स्नोशू किती इंची घ्यावेत, क्रॅम्पॉन (कडक बर्फावर पकड देणारे, बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) लागतील का आणि एकूण किती तास धरावेत, हे तुम्ही विचारलंय. बायको "एकटा जाऊ नकोस" म्हणते, हे जाता जाता शेवटी लिहिलंय.

मी ऑल्बनीत राहतो. मार्सी ज्या डोंगरांत आहे त्या अ‍ॅडिरॉन्डॅक्समध्ये बरीच वर्षं हिवाळ्यात चालतो आणि बऱ्याचदा एकटाच असतो. त्यामुळे "एकट्याने जाऊच नका" असं मी म्हणणार नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक प्रश्न तुम्हाला विचारतो, कारण ती तिन्ही उत्तरं याच्यावरच ठरतात. वाटेत कुठेही, कोणत्याही कारणाने जागेवर थांबावं लागलं, तर तुम्ही किती तास तग धराल?

हिवाळ्यात चढताना थंडी वाजत नाही. उणे १५ सेल्सियसमध्येसुद्धा पातळ लोकरी बनियन आणि वर वारा अडवणारं पातळ जॅकेट (शेल) एवढ्यावर घाम येतो. शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं. थांबलात की दहा-पंधरा मिनिटांत तोच घाम अंगाला गार पडायला लागतो. सोबत दोघं-तिघं असतील तर कुणी तुमच्या खाली मॅट सरकवतं, कुणी स्टोव्ह पेटवतं, कुणी मदतीला खाली जातं. एकटे असाल तर ही सगळी कामं तुमचीच, आणि तीही बोटं वळेनाशी झालेली असताना. ऑगस्टमध्ये वाटेतल्या इंडियन फॉल्सजवळ पाय मुरगळला तर लंगडत लंगडत उशिरा गाडीपाशी पोचाल. फेब्रुवारीत तोच पाय मुरगळला तर रात्र बर्फात काढावी लागेल. न्यूयॉर्क राज्याचे फॉरेस्ट रेंजर्स शोध आणि सुटकेचं काम फार चांगलं करतात. त्यांचा चोवीस तास चालणारा नंबर १-८३३-६९७-७२६४ फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवा. पण निरोप मिळाल्यावर माणसं गोळा करून, अंधारातून, स्नोशूवर तुमच्यापर्यंत पोचायला त्यांना तासन् तास लागतात. हेलिकॉप्टर हवामानाच्या मर्जीवर. तेवढे तास तुमचे तुम्हालाच काढायचे आहेत, हे धरूनच सॅक भरायची.

आता डोंगराकडे वळू. मार्सी ५,३४४ फूट, राज्यातला सर्वांत उंच. अ‍ॅडिरॉन्डॅक लॉजपासून, म्हणजे वाटेच्या सुरुवातीपासून, माथा ७.४ मैल, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास १५ मैल आणि सुमारे ३,२०० फुटांची चढाई. चढ कुठेच अंगावर येत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. कळसूबाईची चढण छातीवर येते तेव्हा शरीरच सांगतं की आता दम घे. मार्सी तसं काही सांगत नाही, फक्त लांब लांब जात राहतो. वेळेचा हिशेब चुकलाय हे कळतं तेव्हा तुम्ही सहाव्या मैलावर असता.

किती तास लागतील हे जवळजवळ पूर्णपणे एका गोष्टीवर ठरतं: तुमच्या आधी कुणी वाट पाडली आहे का. मळलेल्या, दाबून घट्ट झालेल्या वाटेवर तब्येतीने ठीक माणसाला आठ ते दहा तास पुरतात. रात्री फूटभर ताजा बर्फ पडला असेल आणि तुम्ही पहिले असाल तर ताशी मैलभरसुद्धा वेग राहत नाही. चौघांच्या गटात पुढचा दमला की मागे जातो, दुसरा पुढे येतो. एकट्याला ती सोय नाही. मार्सी डॅमच्या पुढे सगळी वाट एकट्याने पाडत माथ्यावर जाऊन दिवसाउजेडी परत येणं जवळपास कुणालाच जमत नाही, आणि तुम्ही तो हट्ट धरू नये.

म्हणून दिवस निवडण्याला मी सामान निवडण्याइतकंच महत्त्व देतो. एकट्याने जायचं म्हणजे ओसाड दिवशीच जायला हवं असं कुठे आहे? प्रेसिडेंट्स डेच्या (फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीच्या) लांब वीकेंडला शनिवारी गट चढून जातात, रविवारी वाट हमरस्त्यासारखी असते आणि तासातासाला कुणी ना कुणी भेटतं. तुमचा वेग, तुमचा निर्णय, तुमचा एकांत सगळं शाबूत राहतं आणि पाय मुरगळला तर मागून कुणीतरी येणार असतं. पहिल्या हिवाळी एकट्या मार्सीसाठी मी हाच दिवस सुचवेन, हवा शांत असेल तर. मंगळवारी, नुकत्याच झालेल्या बर्फवृष्टीनंतर, हा बेत पुढच्या एखाद्या वर्षासाठी ठेवा.

"वाट पाठ आहे" याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटली. उन्हाळ्यात आपण वाट ओळखतो ती पायाखालच्या गोष्टींवरून: तो मोठा दगड, ती मुळं, चिखलावर टाकलेले ओंडके, ओढ्याचा आवाज. फेब्रुवारीत हे सगळं चार-पाच फूट खाली असतं. झाडांवरच्या निळ्या गोल खुणा उन्हाळ्यात डोळ्यांच्या उंचीवर असतात. वरच्या टप्प्यात त्या आता गुडघ्याशी येतात, काही गाडल्या जातात, उरलेल्यांवर बर्फ चिकटलेला असतो. तुम्ही स्वतः चार-पाच फूट उंचावरून चालत असल्याने एरवी डोक्यावर असणाऱ्या फांद्या तोंडावर येतात, आणि दोन झाडांमधली कुठलीही मोकळी फट वाटेसारखी दिसायला लागते. अशा चुकीच्या फटीत पंचवीस पावलं गेलात तर नुसतं भरकटण्यावर भागत नाही, पुढे स्प्रूस ट्रॅप असतो.

सह्याद्रीत असं काही नसतं, म्हणून हे नीट समजून घ्या. वरच्या टप्प्यात स्प्रूस आणि फरची बुटकी झाडं पूर्ण बर्फाखाली जातात. फांद्यांच्या छत्रीखाली बर्फ शिरत नाही, तिथे पोकळी राहते. वरून सगळं सपाट, पांढरं. पाय पडतो आणि माणूस कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत आत जातो. खाली स्नोशूचं टोक फांद्यांत अडकतं, वरून बर्फ ढासळून तो पाय घट्ट बसतो. ओढाओढ केली की आणखी रुततं आणि गुडघा पिरगळतो. अशा वेळी आधी सॅक काढायची आणि बाजूला आडवी टाकायची, काठ्या तिच्यावर आडव्या ठेवायच्या म्हणजे भार टाकायला काहीतरी घट्ट मिळतं. मग अडकलेल्या पायाच्या बाजूने बाइंडिंगपर्यंत (स्नोशू बुटाला बांधणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) उकरत जायचं, पट्टा सोडवायचा, पाय बाहेर काढायचा आणि शेवटी स्नोशू. यासाठी छोटं फावडं सॅकच्या बाहेरच्या बाजूला, हात मागे नेला की लागेल असं बांधा. सॅकच्या तळाशी ठेवलेलं फावडं इथे उपयोगाचं नाही. आणि मळलेल्या वाटेवरून पाऊल बाहेर टाकायचंच नाही, लघवीला जातानासुद्धा विचार करून.

इंडियन फॉल्स साधारण ४.४ मैलांवर आहे. वाट तिथे ओढा ओलांडते आणि दोन पावलं बाजूला गेलं की खडकाळ सपाटीवरून पश्चिमेला मॅकइंटायर रांग समोर येते. उन्हाळ्यात तुम्ही तिथे फोटो काढले असतील. हिवाळ्यात मी तिथे अल्गॉन्क्विनचा माथा बघतो. तो ५,११४ फुटांचा, मार्सीपेक्षा थोडासाच कमी. त्याच्या माथ्यावरून बर्फाचा धुरळा आडवा उडत असेल तर तुमच्या माथ्यावरही तेच चाललंय असं समजा. झाडीत उभे असताना पान हलत नाही, त्यामुळे वाऱ्याचा अंदाज येत नाही. ती दोन मिनिटं दिवसातल्या सगळ्यात कामाच्या मिनिटांपैकी असतात. वाऱ्याचा हिशेब तोंडपाठ ठेवा: ० फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सियसला ताशी ३० मैलांचा वारा असेल तर अंगाला ती थंडी उणे ३२ सेल्सियससारखी लागते आणि उघडी कातडी अर्ध्या तासात हिमदंशाने जाऊ शकते. लेक प्लॅसिड गावाचं हवामान बघून बेत आखू नका. माथा गावाच्या साडेतीन हजार फूट वर आहे, तिथे तापमान साधारण १० ते १५ अंश फॅरनहाइटने कमी धरायचं. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर नकाशात थेट माथ्यावर बोट ठेवून तिथला अंदाज मिळतो, तो बघा.

झाडी संपल्यावर शेवटचा अर्धा मैल म्हणजे उघडा खडकाचा घुमट. वर जाताना प्रश्न येत नाही, वर वर जात राहिलं की माथा येतोच. खरी परीक्षा उतरताना, ढगात. पांढऱ्या जमिनीवर पांढरं आकाश टेकतं, पिवळ्या रंगाच्या खुणा बर्फाखाली असतात आणि वाट दाखवणाऱ्या दगडांच्या राशींवर वाऱ्याने इतका बर्फ चिकटलेला असतो की दहा पावलांवरची रास आणि खडक यांत फरक कळत नाही. तुम्हाला उतरायचंय ईशान्येकडे. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा वायव्येचा, म्हणजे डाव्या गालावर. बोचरा वारा गालावर बसायला लागला की माणूस नकळत मान फिरवतो, आणि मान फिरली की पावलंही फिरतात. उजवीकडे काय आहे? पँथर गॉर्ज. मार्सी आणि हेस्टॅकच्या मधली ती दरी तुम्ही उन्हाळ्यात वरून पाहिली असेल. तिकडचा उतार तीव्र आहे, हिमस्खलनाचा आहे, तिथून परत चढून येणं एकट्याला फार कठीण, आणि तुम्ही तिकडे असाल हे कुणाच्या लवकर लक्षातही येणार नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो आधी करायचा असतो. घरीच नकाशावर माथ्यापासून झाडीतल्या वाटेच्या तोंडापर्यंतची दिशा काढा, त्यात इथल्या भागातला सुमारे १३ अंश पश्चिम चुंबकीय फरक धरा आणि तो आकडा मनगटावर चिकटपट्टी लावून लिहा. झाडीतून बाहेर पडताना थांबा, मागे वळा, वाटेचं तोंड कसं दिसतं ते बघा, जीपीएसवर ती जागा नोंदवा. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. थंडीत बॅटरी अर्ध्यावरून एकदम शून्यावर येते, म्हणून होकायंत्र हवंच. आणि झाडी संपते तिथे उभे असताना पुढची दगडांची रास दिसत नसेल तर तिथूनच मागे फिरायचं. हा नियम मी सोबत माणसं असतानाही मोडत नाही.

आता तुमचे मूळ प्रश्न. स्नोशू: कपडे, बूट, सॅक धरून वजन १८० पौंडांच्या आत असेल तर २२ इंची, त्यावर असेल तर २५ इंची. तीस इंची घेऊ नका. ते खोल भुसभुशीत बर्फात सपाटीवर चालायचे, या वाटेवर नुसते पायात येतात. तरंगण्यापेक्षा पकड महत्त्वाची, म्हणून चौकटीलाच दाते असलेले घ्या, एमएसआरच्या लाइटनिंग अ‍ॅसेंटसारखे. टाचेखाली उचलून लावायची दांडी असलेले असावेत, वरच्या टप्प्यात पोटऱ्या वाचतात. इथे हाय पीक्समध्ये (मार्सीभोवतीच्या उंच डोंगरांच्या भागात) ८ इंच किंवा जास्त बर्फ असेल तर स्नोशू किंवा स्की घालणं नियमानेच बंधनकारक आहे. नुसत्या बुटांनी गेलं की वाटेत मांडीएवढे खड्डे पडतात, रात्रीत ते गोठतात आणि मागून येणाऱ्याचा पाय मोडू शकतो. सुरुवातीला वाट घट्ट वाटली तरी स्नोशू गाडीत ठेवून जाऊ नका.

क्रॅम्पॉन: न्या. बऱ्याच दिवशी स्नोशूच्या दात्यांवर माथा होतो. पण बर्फ आधी वितळून पुन्हा गोठलेला असेल तर वरचा घुमट निळसर, काचेसारखा होतो आणि तिथे स्नोशू सुटतात. मायक्रोस्पाइक (बुटावर ओढून घालायचे छोटे दाते) त्या बर्फाला पुरत नाहीत. क्रॅम्पॉन घरी, हातमोजे घालून, बुटावर चढवायचा सराव करा. स्नोशूच्या पट्ट्यांचाही तसाच. थंडीत ते पट्टे कडक होतात, तुटतातही, म्हणून दोन जास्तीचे पट्टे आणि थोडी तार बरोबर ठेवा. परतीच्या पाच मैलांवर एक स्नोशू निकामी झाला तर तुमचा वेग एकदम पाव होतो.

थांबावं लागलं तर काय, याचं सामान वेगळं. बसायला-झोपायला फोमची मॅट, तिच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ, कारण उष्णता खालून जाते. थंडीची झोपेची पिशवी आणि तिला वरून घालायचं बिव्ही कव्हर (ओल आणि वारा अडवणारी खोळ). सगळ्या कपड्यांवरून चढेल असा जाड पार्का. द्रव इंधनावर चालणारा स्टोव्ह, कारण साध्या गॅसच्या डब्याचा दाब कडक थंडीत पडतो. बर्फ वितळवायला भांडं. दोन हेडलँप, लिथियमच्या बॅटऱ्या. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, कारण फोनच्या रेंजचा या वाटेवर भरवसा नाही. शेकोटीचा विचार मनातून काढून टाका: पूर्वेकडच्या हाय पीक्समध्ये ती पेटवायला बंदी आहे, आणि ओल्या स्प्रूसला आग लावत बसण्याइतकी ताकद तेव्हा उरलेलीही नसते. या सगळ्याने सॅक पंधरा पौंडांनी जड होते. गटात हेच सामान वाटून नेता येतं. एकट्याने जाण्याची ही किंमत आहे आणि ती पूर्ण मोजायची तयारी नसेल तर सोबत शोधावी.

पाण्याच्या बाटल्या मोज्यात गुंडाळून उलट्या ठेवा, बर्फ वरून धरतो आणि झाकण मोकळं राहतं. नळीच्या पिशव्या गोठतात. खाण्याचं म्हणाल तर एनर्जी बार आणि चिक्की दगड होतात, दाताने तुटत नाहीत. भरपूर तुपाचे शंकरपाळे, चकली, भाजलेले शेंगदाणे यांत पाणी नसतं, त्यामुळे ते उणे २० सेल्सियसलाही तसेच खुसखुशीत राहतात. पार्काच्या खिशात सुटे टाका आणि दर अर्ध्या तासाला, चालता चालता, मूठभर खा. बसून जेवायचा थांबा या दिवशी नसतो.

वेळापत्रक मी असं लावीन. पहाटे सहाला हेडलँपवर निघायचं. मार्सी डॅम २.३ मैलांवर आहे, तिथे सव्वासात. २०११ च्या आयरीन वादळात तिथला जुना पूल वाहून गेला, आता ओलांडायचा पूल थोडा खाली आहे हे तुम्हाला माहीत असेलच. इंडियन फॉल्स साडेनऊपर्यंत. तिथे साडेदहा वाजले असतील तर दिवस तिथेच संपला असं समजून परत. माथा साडेबाराला, आणि एक वाजता जिथे असाल तिथून मागे, माथा शंभर पावलांवर दिसत असला तरी. फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य साडेपाचच्या आधीच मावळतो आणि दमलेल्या पायांना उतरायला चार तास लागतात. हे आकडे मळलेल्या वाटेचे, शांत हवेचे आहेत. तुमचा वेग मला माहीत नाही, म्हणून आधी एकदा फेल्प्स करा. ४,१६१ फुटांच्या या डोंगराचा फाटा याच वाटेवरून फुटतो, माथा, लॉजपासून साधारण साडेचार मैल. मार्सीचीच पूर्ण सॅक पाठीवर घेऊन, एकट्याने, हिवाळ्यात तो करून या आणि घड्याळ बघा. वर पोचल्यावर पार्का घालून बर्फावर मॅट टाका, स्टोव्ह पेटवा, पाणी वितळवा आणि अर्धा तास नुसते बसून राहा. त्या अर्ध्या तासात तुम्हाला तुमच्या सामानाबद्दल जेवढं कळेल तेवढं मी लिहून सांगू शकत नाही. तिथे कुडकुडलात तर मार्सी या वर्षी नको.

बायकोच्या काळजीला "काही होत नाही गं" हे उत्तर देऊ नका. त्याऐवजी कागद द्या: कोणती वाट, गाडीचा नंबर, कोणत्या रंगाचं जॅकेट, सॅकमध्ये काय काय आहे, उपग्रह यंत्रावरून किती वाजता निरोप येतील आणि रात्री किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर रेंजर्सना फोन करायचा. ती वेळ दोघांनी मिळून ठरवा. मग तिने त्या वेळेला फोन केला तर "उगाच केलास" असं कधीही म्हणायचं नाही, हेही आधीच ठरवून टाका. वाटेच्या सुरुवातीला नोंदवही असते, तिच्यात नाव, वेळ आणि बेत स्पष्ट अक्षरांत लिहा. शोध सुरू झाला की रेंजर आधी ती वही उघडतात. परत आल्यावर तिच्यात बाहेर पडल्याची नोंद करायला विसरू नका.

आणि त्याच रात्री न्यू जर्सीला गाडी चालवत जाऊ नका. पाच तासांहून जास्तीचा रस्ता आहे आणि दहा तास थंडीत चाललेलं शरीर गाडीच्या हीटरपुढे बसलं की डोळे मिटतात. आदल्या आणि नंतरच्या, दोन्ही रात्री लेक प्लॅसिड किंवा कीनमध्ये खोली घ्या. फेल्प्स झाला की तुमच्या वेळा आणि सॅकचं वजन इथे लिहा, त्यावरून मार्सीचा बेत पुन्हा बघू.